कुसळातल्या वाटा

हावड्याहून पुण्याला येणारी आझाद हिंद एक्सप्रेस भिलाईला खेटून असलेल्या दुर्गला थांबते. तिथे गाडीत बसलेल्या प्रवाशाला खिडकीतून देश हळूहळू कोरडा होत जाताना दिसतो. राजनांदगावपर्यंत धानाची खाचरं, डोंगरगडनंतर जंगल, मग वैनगंगेचं रुंद पात्र, वर्ध्याकडची कपाशी, खानदेशातल्या केळीच्या बागा. मनमाडला गाडी दक्षिणेकडे वळते. अहिल्यानगर मागे पडलं की दौंडपर्यंत झाडं विरळ होत जातात, ओढ्यांमध्ये पाण्याऐवजी गोटे दिसू लागतात आणि दोन्ही बाजूंना पसरतो तो माळ. उन्हाळ्यात पिवळा, करडा, उघडा. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथे पाहण्यासारखं काही नाही.

भिलाईच्या माणसाला तसं वाटणं साहजिकच आहे. तिकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या डोंगरांकडे गेलं तरी वाट झाडीतून जाते. पण खुद्द महाराष्ट्रातले भटकेही या माळाकडे वळत नाहीत. सुट्टी मिळाली की पुण्या-मुंबईची माणसं राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाईकडे धावतात. सह्याद्री म्हणजे धुकं, धबधबे आणि कारवी. सह्याद्रीच्या पाठीमागे, पूर्वेच्या उतारावर शेकडो किलोमीटर पसरलेला अर्धवाळवंटी प्रदेश त्यांच्या नकाशावर नसतोच. आणि नेमक्या याच प्रदेशात महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक तुडवल्या गेलेल्या पायवाटा आहेत.

या कोरडेपणाचं कारण सातारा जिल्ह्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पूर्व टोकाला माण तालुका, म्हसवड-दहिवडीचा, तिथे साडेचारशे-पाचशे. दोहोंमधलं सरळ अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्यांना अडतात, वर चढतात, गार होतात आणि आपलं पाणी तिथेच ओततात. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते. पर्जन्यछायेचा हा पट्टा पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, कर्जत, फलटण, माण, खटाव, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर असा पसरलेला आहे. जमिनीखाली काळा कातळ, वर वीतभर मुरूम. अशा जमिनीत मोठं झाड सहज रुजत नाही, गवत मात्र जोमानं येतं.

या गवतावरच माळाचं सगळं चालतं. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत करडा माळ हिरवा होतो. भाद्रपद-आश्विनात पवन्या, मारवेल, शेडा गुडघ्याला लागतात. दिवाळीपर्यंत रंग तांबूस-सोनेरी होतो आणि कुसळीला टोकदार कुसळं धरतात. ती मोज्यात, धोतरात, मेंढरांच्या लोकरीत रुततात आणि माळभर पसरतात. मधूनमधून बोर, हिवर, खैर, तरवड. थंडीत इथे दूर मध्य आशियातून भोवत्या पक्षी येतात आणि संध्याकाळी गवतातच रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. धाविक आणि माळटिटवी उघड्या मुरमावर अंडी घालतात. अंड्यांचा रंग खड्यांसारखा, त्यामुळे पाय पडेपर्यंत कळत नाही. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, काळवीट हे सगळे इथलेच रहिवासी. सावली नाही म्हणून इथे जीव नाही, हा समज एका सकाळच्या चालीत गळून पडतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी याच प्रदेशाच्या पश्चिम कडेला, पुण्याच्या परिसरात, वर्षानुवर्षं पायी हिंडले. गणितज्ञ असलेला हा माणूस टेकड्यांच्या उतारावरून गारगोटीची बोटाच्या पेरापेक्षाही लहान हत्यारं वेचत असे. ती कुठे सापडतात याची नोंद करता करता त्यांच्या लक्षात आलं, की गुराख्या-मेंढपाळांच्या प्राचीन वाटा, माळावरच्या देवींची ठाणी आणि आजच्या यात्रांचे रस्ते पुष्कळदा एकमेकांवर बसतात. १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी हे मांडलं. पंढरीची वारीसुद्धा त्यांना अशा फार जुन्या हंगामी स्थलांतराच्या मार्गावरची वाटली. त्यांचे सगळे निष्कर्ष आज कुणी मान्य करो वा न करो, अभ्यासाची त्यांची रीत पटण्यासारखी आहे. ते वाट चालून पाहत, आणि चालता चालता तिथल्या माणसांना विचारत.

आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता दिवे घाट चढला की पर्जन्यछायेत शिरतो. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी ही मुक्कामांची नावं वारकऱ्यांना पाठ असतात. जगात लांब पल्ल्याच्या कितीतरी नामांकित वाटा असतील. पण लाखो माणसं एकाच वेळी, शिस्तीत, दिंडीमागून दिंडी अशी अर्धशुष्क मुलखातून चालत जातात असं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. २०२१ साली पालखी महामार्गाची पायाभरणी झाली आणि तो रस्ता रुंद झाला. चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी वाट आखली गेली, हे चांगलंच झालं. जुनी वडा-पिंपळाची सावली गेली, हे वारकऱ्यांच्या पायांना कळतं.

वारी सगळ्यांना ठाऊक आहे. शिखर शिंगणापूरची कावड तितकी ठाऊक नाही, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबायला हवं.

माण तालुक्याच्या उत्तर कडेने शंभू महादेवाची डोंगररांग जाते. तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर, शिंगणापूरचं देऊळ आहे. भोसले घराण्याचं हे कुलदैवत. खालचा तलाव मालोजीराजांनी बांधवला. माथ्यावर आणि आसपास पाण्याची वानवा पिढ्यान्‌पिढ्यांची, म्हणून शिवाजी महाराजांच्या आजोबांनी तलावाला हात घातला. चैत्र शुद्ध अष्टमीला इथे शंकर-पार्वतीचं लग्न लागतं. थोरल्या देवळाच्या शिखरापासून बळीच्या, म्हणजे अमृतेश्वराच्या देवळाच्या शिखरापर्यंत पांढऱ्या कापडाचा लांबच लांब ध्वज बांधला जातो. द्वादशीला कावडी चढतात. त्यात पहिला मान सासवडच्या भुतोजी तेली यांच्या कावडीचा.

सासवड आणि भोवतालच्या गावांमधून निघालेल्या या कावडी कऱ्हेचं पाणी घेऊन येतात. भर चैत्रात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, उघड्या मुलखातून कावड चालते. शेवटचा टप्पा मुंगी घाटाचा. माळशिरस तालुक्यातल्या कोथळे गावाच्या बाजूने हा घाट उभा चढतो. मोकळ्या माणसालाही हात टेकत चढावं लागेल अशी ती वाट. त्यावरून तांब्याचे मोठे रांजण लावलेली जड कावड न्यायची असते. मग माणसं दगडात पाय रोवून साखळी करतात. वरचा खालच्याला हात देतो, खालचा खांद्यानं रेटतो आणि कावड हातांवरून, खांद्यांवरून वर सरकते. ‘हर हर महादेव’ तर होतोच. त्याबरोबर ‘म्हाद्या, धाव’ अशी एकेरीतली हाकही डोंगरात घुमते. देवाला अरेतुरे करण्याचा हक्क त्या चढावर प्रत्येकाला असतो. रात्री त्या पाण्याने अभिषेक होतो.

गिर्यारोहणाच्या भाषेत सांगायचं तर दोर, खिळे, शिरस्त्राण यांपैकी काहीही न वापरता शेकडो माणसांनी मिळून केलेली ही चढाई आहे. दरवर्षी त्याच तिथीला, त्याच वाटेनं. चैत्रातली गर्दी टाळून हाच घाट मार्गशीर्ष-पौषात सकाळी चढला तर त्या वाटेचा चढ, तिचे झिजलेले दगड आणि माथ्यावरून दिसणारं उत्तरेचं मोकळं मैदान नीट पाहता येतं. फलटण, नातेपुते, दहिवडी या तिन्ही बाजूंनी शिंगणापूरला जाता येतं. जवळच वारूगड, महिमानगड, थोडं पश्चिमेला वर्धनगड आणि भूषणगड आहेत. राजगड-तोरण्याच्या मानानं हे किल्ले बेताचे. परंतु त्यांच्या तटावर उभं राहिलं की पाऊस कुठे संपतो आणि कोरडा मुलूख कुठे सुरू होतो, ते थेट डोळ्यांना दिसतं. त्या एका गोष्टीसाठी तरी ते चढावेत.

देवाच्या वाटा वर्षातून एकदा गजबजतात. मेंढरांच्या वाटा मात्र सहा-आठ महिने चालत्या असतात.

दसरा-दिवाळी झाली, माळावरचं गवत वाळायला लागलं की बारामती, इंदापूर, फलटण, माण, खटाव भागातले धनगर मेंढरं घेऊन निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही पुण्याच्या पश्चिमेला, काही पूर्वेला. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं असतं: भांडी, घोंगड्या, वाघर, कोंबड्यांची डाल, वर बसलेलं एखादं लहान मूल आणि नुकतं जन्मलेलं कोकरू. पुरुष मेंढरांमागे दिवसभर रानात, बायका घोडी घेऊन पुढच्या मुक्कामाला. तिथे पोचून जागा झाडणं, चूल मांडणं, पाणी शोधणं, वाघरीचं जाळं लावून कोकरांसाठी आडोसा करणं हे सगळं बायकांचं काम. चार-दहा कुटुंबांचा असा वाडा एकत्र हलतो. वाटेतले शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभराच्या लेंड्या-मुतानं शेताला खत मिळतं, त्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. मृगाच्या सुमाराला वाडे परततात, कारण मुसळधार पाऊस आणि चिखल मेंढराला मानवत नाही. त्याला हा कोरडा माळच हवा.

हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याची अनेक वर्षं या धनगरांमध्ये घालवली. त्यांच्या ओव्या, बिरोबा-म्हस्कोबाच्या कथा, देव कुठून निघाला आणि कुठे विसावला याची वर्णनं त्यांनी ध्वनिमुद्रित केली. त्या कथांमधला देव स्वतःच चालत असतो. त्याच्या विसाव्याची ठिकाणं म्हणजे बहुतेकदा पाण्याची, चाऱ्याची, मुक्कामाची ठिकाणं. कागदावर नकाशा न काढताही एका समाजाने आपला मार्ग कसा जपला, हे त्यावरून समजतं.

मराठी वाचकाला हा मुलूख सर्वांत आधी दाखवला तो आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी. १९५५ सालची ‘बनगरवाडी’ ही त्यांची कादंबरी औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीची. तिची सुरुवातच तरुण मास्तर एकटा पायी वाडीकडे निघतो तिथून होते आणि शेवट येतो दुष्काळाने वाडी रिकामी होण्यापाशी. आटपाडी, माडगूळ, दिघंची हा पट्टा आजही पायी फिरण्यासारखा आहे. माणगंगा याच गावांजवळून मंगळवेढ्याकडे जाते आणि भीमेला मिळते. २०२३ साली सरकारने आटपाडीजवळच्या ९.४८ चौरस किलोमीटर जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. लांडगे, कोल्हे, ससे यांचा तो आसरा आहे.

ज्यांना मुक्कामी चाल जमणार नाही त्यांच्यासाठी छोट्या वाटा आहेत. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. काळविटांसाठी १९८० साली राखलेलं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांचं. इंदापुरातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला पुणे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. ती गाडीतून असते, पण वाटाड्या स्थानिक असतो, आणि त्याच्याकडून माळ वाचायला शिकता येतं.

सोलापूरजवळच्या नान्नजचा विषय असा पटकन सोडून देता येत नाही. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात तिथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. गावं, शहरं, रस्ते, शेतं सगळंच त्यात. माणसांना आपल्याच जमिनीवर बंधनं आली आणि पक्ष्याबद्दल जिव्हाळा वाढण्याऐवजी राग वाढला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळ नांगरले गेले होते, वीजतारा आल्या होत्या. मीटरभर उंचीचा हा पक्षी आज सबंध भारतात दीडशेच्या आसपासही उरलेला नाही, आणि महाराष्ट्रात एखादा दिसला तरी त्याची बातमी होते. नान्नजचा माळ मात्र अजून आहे. काळविटांचे कळप आहेत, लांडगे आहेत.

माळावर चालण्याची रीत डोंगरापेक्षा वेगळी आहे. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. उजाडताना निघावं आणि दहा-साडेदहाला एखाद्या लिंबाखाली किंवा देवळात थांबावं, पुन्हा चारनंतर. पाणी आपलं आपण न्यायचं, माणशी किमान तीन-चार लिटर, कारण नकाशावर दिसणारा ओढा डिसेंबरात कोरडा असू शकतो. लांब पँट आणि घट्ट विणीचे मोजे, नाहीतर दुपारपर्यंत कुसळं काढत बसावं लागतं. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा मळलेली वाट सोडू नये. वनखात्याच्या हद्दीत परवानगी लागते. कुत्रं बरोबर नेऊ नये. मेंढरांचा कळप आला तर बाजूला उभं राहावं, मधून जाऊ नये. राखणीची कुत्री आपलं काम चोख करतात. आणि शक्य असेल तर एखाद्या मेंढक्याला दिवसाची योग्य मजुरी देऊन वाटाड्या म्हणून घ्यावं. त्याच्याइतकी माळाची माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही.

पण या वाटा किती दिवस राहतील?

सरकारी नोंदींमध्ये या गवताळ जमिनीचा मोठा भाग ‘पडीक’ म्हणून लागलेला आहे. पडीक म्हटलं की ती कशाला तरी देऊन टाकायला हरकत नसते: औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, नाहीतर वृक्षारोपण. वृक्षारोपणाला विरोध करणं अवघड जातं, कारण त्यामागची भावना चांगली असते. तरीही माळावर चर खणून ओळीनं गिरिपुष्प लावणं ही चूक आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. त्या झाडांखाली पवन्या-मारवेल टिकत नाही, गवत गेलं की चिंकारा, धाविक, भोवत्या जातात, आणि कुंपण पडलं की मेंढरांची वाट बंद होते. दुसरीकडे टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी माण-खटाव-आटपाडी-सांगोल्याला पोचलं आहे. ज्या लोकांनी १९७२चा आणि २०१२-१३चा दुष्काळ सोसला, चारा छावण्यांत जनावरांसह महिने काढले, त्यांना हे पाणी मिळालंच पाहिजे. डाळिंब आणि उसाच्या त्या हिरवळीचा कुणी हेवा करू नये. प्रश्न आहे तो गायरानांचा आणि वनजमिनीचा, म्हणजे जी जमीन सर्वांची आहे तिचा.

स्पेनने या प्रश्नाचं एक उत्तर शोधलं. तिथेही मेंढपाळ शतकानुशतकं उन्हाळ्यात उत्तरेकडच्या डोंगरांत आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या कोरड्या पठारांवर कळप नेत. १२७३ साली राजा दहावा अल्फोन्सो याने मेंढपाळांच्या संघाला सनद दिली. मोठ्या मेंढीवाटेची रुंदी ठरली होती, सुमारे ७५ मीटर. कळप कमी झाले, वाटांवर अतिक्रमणं झाली. तेव्हा १९९५ साली स्पेनने कायदा करून देशभरातल्या सुमारे सव्वा लाख किलोमीटर मेंढीवाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून पुन्हा संरक्षित केल्या. पहिला हक्क मेंढरांचा, त्यानंतर पायी चालणारे, सायकलवाले, घोडेस्वार. दर शरदात माद्रिद शहराच्या मध्यातून मेंढ्यांचा कळप जातो तो हा हक्क जिवंत ठेवण्यासाठी. तिथल्या भटक्यांना पायवाट मिळाली ती मेंढपाळांचा रस्ता वाचला म्हणून.

आपल्याकडे कायद्याचा आधार अजिबात नाही असं नाही. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्रातले धनगर अनुसूचित जमातींत येत नसल्याने त्यांना ७५ वर्षांचं, तीन पिढ्यांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. जो समाज वर्षातले कितीतरी महिने चालत असतो, त्याच्याकडून एका जागच्या वास्तव्याचे कागद मागितले जातात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. महाराष्ट्राला त्या निमित्ताने मेंढीवाटांची नोंद करता येईल, आणि त्यासाठी नवं खातं उघडायची गरज नाही.

ब्रिटिशकालीन मोजणीतून तयार झालेले गावनकाशे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. त्यांवर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. अशी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र वनजमिनीतून आणि गायरानातून जाणाऱ्या कित्येक मेंढीवाटा या नकाशांवर नाहीत. त्या फक्त वाड्यांमधल्या जुन्या माणसांना ठाऊक आहेत. गिर्यारोहण संस्थांकडे आज मोबाइलवर वाट नोंदवण्याचं तंत्र आहे, सराईत पाय आहेत आणि शनिवार-रविवार आहेत. या हिवाळ्यात त्यांनी फलटण, माण, आटपाडीत एखाद्या वाड्याबरोबर, त्यांची संमती घेऊन, चार मुक्काम चालावं, वाट नोंदवावी आणि ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी.